भावनांवरचा पहिला ईईजी प्रयोग: प्रश्न ठरवण्यापासून डेटा खुला करण्यापर्यंत

मानसशास्त्र, न्यूरोसायन्स किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना 'मेंदू आणि भावना' हा विषय खुणावतो, आणि प्रबंधासाठी तोच घेतला की सहा महिन्यांत दमछाक होते. यंत्र चालवायला माणूस महिन्याभरात शिकतो. अडतं ते दुसरीकडेच: चित्रं कुठली घ्यायची, संमतिपत्रात काय लिहायचं, कुठल्या इलेक्ट्रोडवर आणि किती मिलिसेकंदांच्या पट्ट्यात मोजायचं. हे सगळं डेटा गोळा झाल्यावर ठरवायला बसलं की प्रयोग हातातून निसटतो.

म्हणून इथे एकच प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेला आहे. लोकांना सुखद, अप्रिय आणि तटस्थ चित्रं दाखवायची आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांतून मेंदूची विद्युत प्रतिक्रिया नोंदवायची; या नोंदीलाच ईईजी म्हणतात. भावनांच्या अभ्यासातला हा पुष्कळ वेळा तपासलेला प्रयोग आहे. पहिल्यांदा हात बसवायला यासारखा दुसरा नाही.

आधी जमवायच्या गोष्टी

- नैतिक समितीची लेखी मंजुरी
- मराठी माहितीपत्रक आणि संमतिपत्र, प्रत्येकी दोन प्रती
- ३२ किंवा ६४ चॅनेलचं ईईजी यंत्र आणि ५४, ५६, ५८ सेंटिमीटर घेराच्या टोप्या
- इलेक्ट्रोड जेल, बोथट सुईची सिरिंज, मापनपट्टी, शाम्पू, टॉवेल आणि जवळपास बेसिन
- चित्रं दाखवण्यासाठी सायकोपाय. विश्लेषणासाठी एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅब. सायकोपाय आणि एमएनई-पायथन पूर्ण मोफत आहेत. ईईजीलॅबही मोफत, पण नेहमीच्या वापरात ते मॅटलॅबवर चालतं, आणि मॅटलॅबचा परवाना विकतचा असतो.
- ओएसएफवर (संशोधनाच्या योजना आणि डेटा ठेवायचं संकेतस्थळ) खातं आणि ऑर्किडचा (संशोधकाची ओळख) सोळा अंकी क्रमांक

१. प्रश्न लहान करा

'भीती मेंदूत कुठे असते?' हा प्रश्न एका प्रबंधात मावत नाही, आणि ईईजीला तर तो विचारताच येत नाही. ईईजी मेंदूच्या सालीतल्या, एकाच दिशेने रांगेत उभ्या असलेल्या चेतापेशींची एकत्रित हालचाल टिपतं. अमिग्डला हा भीतीशी जोडला जाणारा मेंदूचा भाग खोल आहे आणि तिथल्या पेशींची मांडणी तशी समांतर नाही, त्यामुळे तिचा संकेत टाळूपर्यंत जवळपास पोचतच नाही. अमिग्डला पाहायची असेल तर एफएमआरआय लागतं. ते रक्तातल्या प्राणवायूतला बदल मोजतं आणि तो बदल पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. जागा कळते, वेळ हरवते. ईईजीत नेमकं उलटं.

'अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र' हे वाक्यही आत्ताच मागे ठेवा. २०१३ मध्ये फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंची अमिग्डला नष्ट झालेल्या तीन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली, तेव्हा तिघांनाही भीतीचा जबर झटका आला. त्यांच्यात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ती प्रसिद्ध रुग्णही होती, जिला साप, कोळी किंवा भुताखेतांचे चित्रपट यांनी भीती वाटत नसे. एखादा भाग सक्रिय दिसला म्हणून अमुक भावना झाली असणार, या उलट्या अनुमानातला धोका पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडला आहे. हा विषय घेणाऱ्याने तो लेख पहिल्या आठवड्यातच वाचावा.

आपल्या प्रयोगाचा प्रश्न असा: 'अप्रिय चित्र पाहताना लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल तटस्थ चित्रापेक्षा मोठं येतं का?' याला सगळे एलपीपी म्हणतात. चित्र दिसल्यावर साधारण ३०० ते ४०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मध्य-मागच्या भागात ही धन दिशेची लाट सुरू होते आणि चित्र समोर असेपर्यंत टिकू शकते. ती भावनेचं नाव सांगत नाही. मेंदू त्या चित्राकडे किती वेळ आणि किती जोराने लक्ष देतोय, एवढंच सांगते. निष्कर्ष लिहिताना ही मर्यादा विसरली जाते, म्हणून ती आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. चित्रं निवडणं

या टप्प्याला घाईत दोन दिवस दिले जातात. तीन आठवडे द्या.

आयएपीएस हा फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालेला चित्रसंच जुना आणि खूप वापरलेला आहे. तो रीतसर अर्ज करून मिळतो, आणि त्यातली चित्रं छापायला किंवा इंटरनेटवर टाकायला मनाई असते. पुढे सगळं साहित्य खुलं करायचं असेल तर ओएसिस बरा. २०१७ चा हा संच ९०० चित्रांचा आहे, कुणालाही उतरवून घेता येतो, आणि प्रत्येक चित्राला सुखदता आणि उत्तेजना या दोन्ही मोजपट्ट्यांवर एक ते सात असे गुण दिलेले आहेत. चेहरे हवे असतील तर स्वीडनमधला केडीईएफ आहे: ७० व्यक्ती, सात हावभाव, पाच कोन, प्रत्येक दोनदा टिपलेला, एकूण ४,९०० छायाचित्रं.

आता मुख्य अडचण. ओएसिसचे गुण अमेरिकेतल्या लोकांनी दिले आहेत. मांसाहारी पदार्थाचं जे चित्र तिथे सुखद ठरतं, ते तुमच्या शाकाहारी सहभागीला किळसवाणं वाटू शकतं. बर्फावरून घसरत जाणारा माणूस तिथे थरारक असेल. ज्याने बर्फ पाहिलेलाच नाही त्याच्यासाठी तो तटस्थ. म्हणून छापील गुणांवर विसंबू नका. साधारण १५० चित्रं आधी निवडा, ती मुख्य प्रयोगात नसणाऱ्या २०-२५ लोकांकडून तपासून घ्या, आणि त्यांच्या गुणांवरून प्रत्येक गटात ४० ठेवा.

तीन गट आणखी काही बाबतींत सारखे असायला हवेत: सरासरी उजेड, काळ्या-पांढऱ्याचा फरक, चित्रातली गर्दी आणि माणसांची संख्या. अप्रिय गटात रक्ताळलेली माणसं आणि तटस्थ गटात खुर्च्या-बादल्या असं झालं, तर तुम्ही माणूस विरुद्ध वस्तू हा फरक मोजाल आणि त्याला भावना म्हणाल. तटस्थ गटातही माणसं घ्या: रांगेत उभी असलेली, वर्तमानपत्र वाचणारी, जिना चढणारी. उजेड आणि फरक सारखा करायला शाइन नावाचं मॅटलॅबमधलं साधन आहे.

सुखद गटाबद्दल एक गोष्ट आधीच कळलेली बरी. सुखद चित्रांत सगळ्यात मोठं एलपीपी प्रणयदृश्यांना मिळतं. ती चित्रं समितीच्या आक्षेपामुळे किंवा सहभागींच्या संकोचामुळे वगळावी लागली, तर फुलं, बाळं आणि निसर्ग एवढंच उरतं, आणि सुखद गटातली लाट कमी भरते. हा दोष तुमच्या यंत्राचा नाही. वगळण्यात गैर काही नाही. फक्त ते लेखात स्पष्ट लिहा, आणि मुख्य गृहीतक अप्रिय विरुद्ध तटस्थ असंच ठेवा.

३. मराठी शब्द ठरवणं

सहभागी मराठीत विचार करत असेल तर गुणही मराठीतच मागा. मात्र इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दशः भाषांतर इथे घात करतं. 'उत्तेजना' हा शब्द पुस्तकात ठीक आहे. प्रयोगशाळेत तो वाचून लोक अवघडतात, कारण बोलीत त्याला लैंगिक छटा आहे. त्याऐवजी 'चित्र पाहून आतून किती खळबळ झाली?' असं विचारा, आणि सोबत सॅम या चित्ररूप मोजपट्टीतल्या मानवाकृती ठेवा. त्यात शब्द जवळपास लागतच नाहीत.

भावनांची नावं विचारणार असाल तर जास्त जपून. राग, चीड, संताप, त्रागा आणि रुसवा हे एकाच भावनेचे चढते आकडे नाहीत. रुसव्यात आपुलकी गृहीत असते. परक्यावर कुणी रुसत नाही. त्राग्यात माणूस स्वतःलाच त्रास करून घेतो. 'हुरहूर'ला इंग्रजीत एक शब्द नाही, आणि इंग्रजी प्रश्नावल्यांतल्या काही शब्दांना मराठीत तीन-तीन लागतात. पद्धत अशी: एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक शोधायचे, आणि शेवटी पाच-सात लोकांना 'या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं?' असं तोंडी विचारायचं. पुण्यातल्या पदवीधराला जो शब्द सोपा वाटतो तो चंद्रपुरातल्या किंवा सावंतवाडीतल्या माणसाला तसाच वाटेल असं नाही, म्हणून हे पाच-सात लोक एकाच वर्गातले घेऊ नका.

नाट्यशास्त्रातले आठ स्थायीभाव घेऊन त्यांची आधुनिक 'मूलभूत भावनां'शी जोडी लावायचा मोहही होतो. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय ही यादी वरवर जुळते खरी, पण रस हा प्रेक्षकाचा अनुभव आहे. करुण रसाने डोळे भरून आलेला रसिक दुःखी नसतो. हा फार सुंदर आणि वेगळा संशोधनप्रश्न आहे. त्याला स्वतंत्र प्रयोग द्या. इथे चिकटवू नका.

४. नैतिक समितीची मंजुरी

भारतात आधार आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा आहे. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. अर्ज ते मंजुरी यासाठी दोन-तीन महिने धरून चला. चित्रं निवडून झाल्यावरच अर्ज करा, कारण समिती नमुना चित्रं मागते. मंजुरीनंतर चित्रं बदलली तर दुरुस्तीचा अर्ज पुन्हा करावा लागतो.

माहितीपत्रकात या गोष्टी हव्यातच:

- अप्रिय चित्रांत काय असेल (जखमा, अपघात, हिंस्र प्राणी) याची स्पष्ट कल्पना
- कारण न देता केव्हाही उठून जाता येईल, आणि प्रवासखर्च तरीही मिळेल
- डोक्याला जेल लागेल, केस धुवावे लागतील, एकूण दीड तास जाईल
- नंतर अस्वस्थ वाटलं तर संस्थेतल्या समुपदेशकाचं नाव आणि टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक
- ओळख पुसून डेटा इतर संशोधकांसाठी कायमचा खुला केला जाईल, यासाठी वेगळी चौकट आणि वेगळी सही

शेवटचा मुद्दा सुटला तर दोन वर्षांनी डेटा खुला करायची वेळ आली की हात बांधलेले असतात. सहभागी गाव सोडून गेलेले असतात, फोन बदललेले असतात. 'डेटा गोपनीय राहील, फक्त संशोधकच पाहतील' हे जुन्या नमुन्यातलं वाक्य तसंच उतरवून घेतलं जातं आणि तिथेच दार बंद होतं.

५. पूर्वनोंदणी

पहिला सहभागी येण्याआधी ओएसएफवर योजना नोंदवा. तिच्यावर तारीख पडते आणि मूळ नोंद मागाहून बदलता येत नाही. हवं असेल तर ती काही काळ खासगी ठेवता येते, त्यामुळे कल्पना चोरीला जाईल ही भीती नको.

सहभागींची संख्या इथेच ठरते. एकाच व्यक्तीच्या दोन स्थितींची तुलना आहे. परिणामाचं प्रमाण (फरक किती मोठा, याचं माप) ०.५ धरलं, तर ८० टक्के शक्तीसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ३४ आणि ९० टक्क्यांसाठी ४४ लोक लागतात. प्रमाण ०.३ धरलं तर ८० टक्क्यांसाठीच ९०. जी-पॉवर या मोफत प्रोग्रॅममध्ये हे दोन मिनिटांत निघतं. आपण ४४ धरू. काहींचा डेटा खराब निघणार, म्हणून ५० जणांना बोलवू.

योजनेत आकड्यांसकट लिहा: एलपीपी म्हणजे पीझी, सीपीझी, सीपी१ आणि सीपी२ या इलेक्ट्रोडांची सरासरी, ४०० ते १००० मिलिसेकंद, आधाररेषा चित्राआधीचे २०० मिलिसेकंद, एखाद्या गटात २० पेक्षा कमी चाचण्या (एक चित्र दाखवणं म्हणजे एक चाचणी) उरल्या तर ती व्यक्ती वगळायची. 'योग्य तो पट्टा निवडला जाईल' अशा वाक्याने काहीच साधत नाही. २०२० मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका अभ्यासात एकच एफएमआरआय डेटा ७० गटांना दिला, तीच नऊ गृहीतकं तपासायला सांगितली, आणि कुठल्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट सारखी निघाली नाही. काही गृहीतकांवर तर उत्तरंही वेगळी आली. सगळे जाणकार होते, कुणी लबाडी केली नव्हती. वाटा खूप असतात; आपली कुठली, हे निघण्याआधी सांगायचं एवढंच.

६. चित्रं दाखवण्याची मांडणी

एका चाचणीचा क्रम: अधिकचिन्ह ५०० मिलिसेकंद, चित्र २००० मिलिसेकंद, मग कोरा पडदा १५०० ते २५०० मिलिसेकंद, दर वेळी वेगळा. सरासरी साडेचार सेकंद, म्हणजे १२० चाचण्या नऊ मिनिटांत होतात. दर ४० चाचण्यांनंतर विश्रांती. एकाच गटाची तीनपेक्षा जास्त चित्रं लागोपाठ येऊ देऊ नका. गुण ईईजी संपल्यावर घ्या. मध्येच बटण दाबायला लावलं तर हाताच्या हालचालीची तयारी लाटेत मिसळते.

वेळेची तपासणी करायचीच. साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि संगणकाने 'चित्र दाखवलं' असा संकेत पाठवल्यानंतर ते पडद्यावर प्रत्यक्ष यायला आणखी उशीर होतो. पडद्याच्या कोपऱ्यावर फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) चिकटवा, शंभर चाचण्या चालवा, आणि संकेत व उजेड यांतलं अंतर मोजा. अंतर कायम ३० मिलिसेकंद असेल तर काळजी नाही, ते नंतर वजा करता येतं. कधी १०, कधी ६० येत असेल तर आधी ते दुरुस्त करा: दुसरा पडदा काढा, वायफाय बंद करा, चित्रं आधीच मेमरीत चढवून ठेवा.

मराठी सूचनांची एक खास अडचण आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. सोपा उपाय: सूचना चांगल्या फाँटमध्ये लिहून चित्र म्हणून साठवा आणि चित्र म्हणूनच दाखवा.

७. नोंदणीचा दिवस

आदल्या दिवशी सहभागीला संदेश पाठवा: रात्री किंवा सकाळी डोक्याला तेल लावू नका, केस शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवून या, कंडिशनर नको, जेवून या. आपल्याकडे तेल हा पहिल्या क्रमांकाचा अडथळा आहे. तेलकट टाळूवर जेल धरत नाही, रोध (टाळू आणि इलेक्ट्रोड यांमधला विद्युत अडथळा) खाली येत नाही, आणि अर्ध्या तासाने दोघेही कंटाळतात. तेल लावून कुणी आलंच तर खेचून नेऊ नका. बेसिनवर केस धुवायला द्या किंवा दुसरी वेळ द्या. वेणी, अंबाडा सोडायला सांगावं लागतं, टिकली आणि कानातले काढायला लागू शकतात. हे आधीच सांगितलं असेल तर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. टोपी बसवणारी मदतनीस बाई असेल तर बायकांना बरं वाटतं.

डोक्याचा घेर मोजून टोपी निवडा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत पट्टी धरा, एका कानासमोरच्या खळगीपासून दुसऱ्यापर्यंत धरा. दोन्हींचा मध्य जिथे मिळतो तिथे सीझी हा माथ्यावरचा इलेक्ट्रोड बसला पाहिजे. केस बाजूला सारून सुईच्या बोथट टोकाने हलकेच घासा, मग जेल. साध्या इलेक्ट्रोडांचा रोध पाच ते दहा किलोओहमच्या खाली आणा. जेल जास्त झालं तर शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांत पूल तयार होतो आणि दोघांवर एकच लाट दिसते. ती नंतर दुरुस्त होत नाही.

खोलीकडे लक्ष द्या. घाम आला की संकेत संथपणे वर-खाली तरंगतो, आणि एलपीपीही संथ लाट असल्याने दोन्ही एकमेकांत मिसळतात. एप्रिल-मे महिन्यात सत्राआधी अर्धा तास एसी लावून खोली २२-२४ अंशांवर आणा. मोबाइल बाहेर ठेवा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बंद करा. पन्नास हर्ट्‌झची गुणगुण तरीही जात नसेल तर बहुधा अर्थिंग सदोष असतं. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या; सॉफ्टवेअरमध्ये गाळून टाकू म्हणून पुढे जाऊ नका.

सुरू करण्याआधी एक मिनिट पडदा पाहा. सहभागीला पापण्यांची उघडझाप करायला सांगा: पुढच्या इलेक्ट्रोडांवर मोठे उंचवटे दिसले पाहिजेत. दात आवळायला सांगा: कानाजवळ दाट खरखर. डोळे मिटून शांत बसायला सांगा: डोक्याच्या मागे ८ ते १२ हर्ट्‌झची अल्फा लय. हे तिन्ही दिसलं तरच पुढे. सत्र चालू असताना वीज गेली, दार वाजलं, सहभागी खोकला, सगळं वेळेसकट नोंदवहीत लिहा.

सत्र अप्रिय चित्रावर संपवू नका. शेवटी दोन-तीन मिनिटांची शांत चित्रफीत दाखवा, पाणी द्या, आणि 'कसं वाटतंय?' हे जेल पुसता पुसता सहज विचारा. नुकतंच घरात कुणी गेलेली किंवा अपघातातून सावरणारी व्यक्ती समोर असू शकते. सत्र तिथेच थांबवून तिला घरी पाठवणं हे डेटापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

८. डेटा स्वच्छ करणं

मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग हा क्रम:

खराब चॅनेल ओळखून बाजूला काढा. ०.१ हर्ट्‌झच्या खालचं आणि ३० हर्ट्‌झच्या वरचं गाळा. इथे सगळ्यात महागडी चूक होते: नोंद स्वच्छ दिसते म्हणून खालची मर्यादा १ हर्ट्‌झ ठेवली जाते, आणि संथ एलपीपी त्या गाळणीत अडकून निघून जातं. वर लाटांचा आकारही बिघडतो, नसलेले खळगे दिसायला लागतात.

मात्र पापण्यांचा संकेत वेगळा काढणाऱ्या आयसीए या गणिती पद्धतीला १ हर्ट्‌झची गाळणीच मानवते. तोडगा असा: डेटाची एक प्रत १ हर्ट्‌झने गाळा, तिच्यावर आयसीए शिकवा, आणि निघालेली वजनं ०.१ हर्ट्‌झच्या डेटाला लावा. पापण्या आणि डोळ्यांच्या आडव्या हालचालीचे एक-दोन घटकच काढा. दहा-पंधरा काढायला लागलात तर मेंदूही पुसला जातोय.

पुढे दोन्ही कानांमागच्या हाडांवरच्या इलेक्ट्रोडांची सरासरी संदर्भ म्हणून घ्या. −२०० ते २००० मिलिसेकंदांचे तुकडे करा, आधाररेषा वजा करा, अधिक-उणे १०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेलेले तुकडे टाका, बाजूला काढलेले चॅनेल शेजाऱ्यांवरून भरा. प्रत्येक गटात किती तुकडे उरले याचा तक्ता ठेवा. परीक्षक तो मागतातच.

९. आकडेमोड

प्रत्येक व्यक्तीची तीन गटांतली सरासरी उंची काढा, जोडीने तुलना करा, परिणामाचं प्रमाण आणि त्याचा विश्वासपट्टा द्या. नोंदवलेल्या योजनेपलीकडे काही सापडलं तर जरूर सांगा, पण 'शोधात्मक' या वेगळ्या मथळ्याखाली.

दोन सापळे. पहिला: 'स्त्रियांमध्ये फरक लक्षणीय आहे, पुरुषांमध्ये नाही, म्हणून दोघांत फरक आहे.' हे सिद्ध होत नाही. दोन फरकांमधला फरक थेट तपासावा लागतो. दुसरा: सगळे चॅनेल आणि सगळे क्षण चाळून जिथे फरक मोठा दिसला तोच पट्टा मोजायला घेणं. हजारो तुलना केल्या की काहीतरी सापडतंच. २००९ मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवून 'यांना काय वाटत असेल?' असं विचारलं, आणि अनेक तुलनांची दुरुस्ती न करता पाहिल्यावर माशाच्या मेंदूत 'सक्रिय' ठिपके निघाले. दुरुस्ती केल्यावर गेले. सगळीकडे शोधायचंच असेल तर अनेक तुलनांचा हिशेब ठेवणारी क्लस्टर-आधारित परम्युटेशन चाचणी वापरा.

१०. डेटा खुला करणं

बिड्स ही फोल्डर आणि फाइलींच्या नावांची ठरलेली पद्धत आहे. मेंदूच्या प्रतिमांसाठी ती २०१६ मध्ये आली, ईईजीसाठी २०१९ मध्ये. प्रत्येक व्यक्तीचं वेगळं फोल्डर, त्यात मूळ नोंद, संकेतांचा तक्ता, चॅनेलांचा तक्ता. वर सहभागींची यादी आणि संचाची माहिती. नावं रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता. एमएनई-बिड्स हे साधन बरंचसं काम करून देतं, आणि बिड्स व्हॅलिडेटर चुका दाखवतो. हे पहिल्या सहभागीपासूनच करा. पन्नासांचं एकदम करायला बसलं की महिना जातो.

ओळख पुसताना नाव काढणं पुरत नाही. ईईजी फाइलीच्या आत नोंदणीची तारीख आणि कधीकधी रुग्णाचं नाव दडलेलं असतं. जन्मतारखेऐवजी वय ठेवा. गाव, महाविद्यालय आणि नोंदवहीतले वैयक्तिक शेरे काढा. सांकेतिक क्रमांक आणि नावं जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी.

३२ चॅनेल, ५०० हर्ट्‌झ, पंधरा मिनिटं: एका व्यक्तीची फाइल ६० मेगाबाइटच्या आत बसते, पन्नास जणांची तीन गिगाबाइटच्या आत. ओएसएफच्या खासगी प्रकल्पाची मर्यादा ५ गिगाबाइट आहे, म्हणजे काम भागतं. ओपनन्यूरो हे मेंदूविज्ञानासाठीचं खास भांडार आहे. तिथे डेटा सीसी-झिरो परवान्याखाली जातो, म्हणजे कुणीही विनाअट वापरू शकतं. सोबत विश्लेषणाचा कोडही द्या, आणि देण्याआधी तो दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाकडून चालवून घ्या.

मराठी उत्तरांचे तक्ते यूटीएफ-८ मध्ये साठवा. एक्सेलमध्ये सहज उघडून पुन्हा साठवलेल्या फाइलीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

११. लेख आणि प्रीप्रिंट

लेख तयार झाला की सायआर्काइव्ह किंवा बायोआर्काइव्हवर प्रीप्रिंट (परीक्षणाआधीची खुली प्रत) टाका. पैसे लागत नाहीत, काही दिवसांत डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. आधी सगळ्या सहलेखकांची लेखी संमती घ्या, कारण एकदा गेलेली प्रीप्रिंट पुरती पुसता येत नाही. कुणी काय केलं हे क्रेडिट या योगदान नोंदवायच्या पद्धतीतल्या चौदा भूमिकांनुसार लिहा. टोपी बसवणाऱ्या आणि भाषांतर तपासणाऱ्या मुलांची नावं इथे राहून जातात, ती राहू देऊ नका.

नियतकालिक निवडताना शुल्क आधी पाहा. २०२३ मध्ये न्यूरोइमेजच्या संपूर्ण संपादक मंडळाने लेखकांकडून घेतलं जाणारं ३,४५० डॉलरचं शुल्क अवाजवी आहे म्हणून राजीनामा दिला आणि एमआयटी प्रेसबरोबर इमेजिंग न्यूरोसायन्स सुरू केलं. विद्यार्थ्यांनी तर शुल्क न घेणारी वाट आधी शोधावी. वर्गणीवर चालणाऱ्या बऱ्याच नियतकालिकांत छापायला काही लागत नाही, आणि स्वीकृत हस्तलिखित भांडारात ठेवायची परवानगी अनेकदा असते. ईमेलवर आठवड्याभरात छापून देण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहा.

'रजिस्टर्ड रिपोर्ट' हा प्रकार देणारं नियतकालिक मिळालं तर फारच उत्तम. त्यात डेटा गोळा करण्याआधीच योजनेचं परीक्षण होतं, आणि योजना मान्य झाली की निकाल काहीही लागो, लेख छापला जातो. कॉर्टेक्स या नियतकालिकाने हा प्रकार २०१३ मध्ये सुरू केला. हा मार्ग धरणार असाल तर पाचव्या टप्प्यावरच धरावा लागतो.

१२. सहभागींपर्यंत परत

पन्नास माणसांनी दीड-दीड तास दिला, डोक्याला जेल लावून घेतलं, नको ती चित्रं पाहिली. त्यांना एक पानी मराठी सारांश पाठवा: काय विचारलं, काय केलं, काय आढळलं, काय सांगता येत नाही, आणि एक आलेख. आलेखाच्या अक्षांवर मराठीत लिहा, आणि ईईजीच्या काही जुन्या आलेखांत धन दिशा खाली दाखवतात म्हणून तुमच्यात ती कुठे आहे हे बाणाने दाखवा. व्यक्तिगत निकाल पाठवू नका. एका माणसाच्या एलपीपीवरून त्याच्या स्वभावाबद्दल किंवा आजाराबद्दल काहीही म्हणता येत नाही, आणि तसं विचारणारे हमखास भेटतात.

हाच सारांश थोडा वाढवून मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेसारख्या ठिकाणी लेख म्हणून पाठवता येतो. वर्तमानपत्राकडे गेलात तर मथळा छापण्याआधी दाखवायची विनंती करा, आणि 'मेंदूतली भीती सापडली' असं काही असेल तर त्याऐवजी स्वतःचं वाक्य तयार ठेवा. उदाहरणार्थ: 'अप्रिय चित्र तटस्थ चित्रापेक्षा मेंदूचं लक्ष अधिक वेळ धरून ठेवतं.'